तीन मिनिटं गायक गातच नाही

"रॉक संपलं" हे वाक्य मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. दर दोन वर्षांनी कोणाला तरी हा शोध नव्यानं लागतो, आणि मग नेमका असा एखादा अल्बम येतो की त्या माणसाला तो हेडफोन्ससकट घरपोच द्यावासा वाटतो. २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं तर, मला विचाराल तर, इंडी आणि अल्टरनेटिव्हवाल्यांना जाम भारी गेली. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग्ज. या शनिवारी शेवटी मुहूर्त लागला.

आधीच सांगतो, हे रिव्ह्यू नव्हेत. मी कोणाला पाचपैकी तारे देणार नाहीये. घरापासून हिंजवडी आणि परत असे रोजचे दोन तास मला कंपनीच्या बसमध्ये मिळतात (मिळतात म्हणजे जातात, पण असो). त्यात मी अल्बम सलग ऐकतो, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, शफल बंद. आणि एखादा अल्बम दहा वेळा ऐकून होत नाही तोवर त्याच्यावरून कोणाशी वाद घालायचा नाही असा नियम केलाय. तर हे दहा-दहा वेळा ऐकलेले काही अल्बम, आणि त्यांच्यावरून डोक्यात आलेलं थोडं तिरकं काहीतरी.

सुरुवात म्हाताऱ्यांपासून करू. द क्युअर हा इंग्लंडचा बँड. विस्कटलेले केस आणि फासलेली लिपस्टिक अशा अवतारातला त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तुम्ही निदान फोटोत तरी पाहिला असेल. त्यांचा 'डिसइंटिग्रेशन' १९८९ साली आला, म्हणजे मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. २००८ नंतर त्यांचा नवा अल्बमच नव्हता. 'येतोय, येतोय' असं रॉबर्ट स्मिथ मुलाखतींतून वर्षानुवर्षं सांगत राहिला. त्यापेक्षा आमच्या प्रोजेक्टची गो-लाइव्हची तारीख बरी. शेवटी १ नोव्हेंबर २०२४ ला 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला. सोळा वर्षांनी. आणि किती? तर फक्त आठ गाणी, पन्नास मिनिटांच्या आत सगळं.

पहिलं गाणं 'अलोन'. संथ, जड ड्रम्स सुरू होतात, त्यावर सिंथचे मोठे मोठे ढग, खालून बास. एक मिनिट झालं. दोन झाली. तीन झाली. तीन मिनिटांहून जास्त वेळ गायक गातच नाही. मी हे घरी स्पीकरवर लावलं होतं तेव्हा बाबा शेजारी पेपर वाचत होते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय रे, तुझा गवई झोपला का?"

बरं, हे काही अल्बमच्या कोपऱ्यात लपवलेलं गाणं नाही. अल्बमच्या आधी महिनाभर, 'आम्ही परत आलो' असं जगाला सांगायला त्यांनी जे पहिलं गाणं बाहेर काढलं ते हेच. शेवटचं 'एंडसाँग' तर दहा मिनिटांचं आहे आणि त्यात गाणं सुरू होतं सहा मिनिटं उलटल्यावर.

मला हे का आवडलं ते सांगतो. हा सगळा अल्बम गेलेल्या माणसांचा आहे. मधल्या वर्षांत रॉबर्ट स्मिथचे आई-वडील गेले, मोठा भाऊ गेला. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे सरळसरळ भावावरचं गाणं आहे. आपल्याकडे एखाद्या घरी माणूस गेल्यावर आपण भेटायला जातो तेव्हा काय होतं आठवा. चपला काढून आत जायचं, सतरंजीवर बसायचं. पहिली दहा मिनिटं कोणी काही बोलत नाही. पंखा फिरत असतो. कोणीतरी पाणी आणून ठेवतं. मग कोणीतरी एक अगदी साधं वाक्य बोलतं, आणि ते साधं वाक्य त्या दहा मिनिटांमुळे पेलत नाही. 'अलोन'मधली ती तीन मिनिटं म्हणजे ती सतरंजी आहे. ती कापून गाणं थेट आवाजापासून सुरू केलं तर उरतो एका म्हाताऱ्याचा रडका सूर. (अल्बम आला तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. आवाज मात्र तिशीतला, हे एक आश्चर्यच.)

सगळंच गोड नाही. 'ड्रोन:नोड्रोन' या मधल्या गाण्यात गिटार उगाच किंचाळते आणि जमलेला मूड घालवते असं माझं ठाम मत आहे. मी तिथे दर वेळी खिडकीबाहेर बघतो. पण एकूणात, एवढ्या वर्षांनी परत येणाऱ्या बँडकडून जुन्या गाण्यांची गरम केलेली आमटी मिळेल अशी भीती होती, ती खोटी ठरली. आणि चक्क हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२ च्या 'विश'नंतर पहिल्यांदा.

आता ते तिरकं काहीतरी.

तुम्हाला ठाऊक असेलच की स्पॉटिफायवर एखादं गाणं 'ऐकलं' असं कधी मोजतात, तर ३० सेकंद पूर्ण झाली की. एकोणतिसाव्या सेकंदाला पुढे ढकललंत तर ते गाणं वाजलंच नाही असं धरतात. शिवाय २०२४ पासून त्यांनी आणखी एक नियम आणला. मागच्या बारा महिन्यांत गाणं निदान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच नाहीत. म्हणजे गाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न पहिल्या ३० सेकंदांत येऊन बसलाय. मग गाणी तशीच बनणार. सुरुवातीलाच आवाज, सुरुवातीलाच धृपद, हात स्क्रीनकडे जायच्या आत काहीतरी चमकवायचं.

हे मला इतकं ओळखीचं वाटतं की हसू येतं. मी एका अ‍ॅपवर काम करतो (कुठल्या ते जाऊ द्या, गाण्यांचं नाही). आमच्या डॅशबोर्डवर एक आलेख आहे: पहिल्या स्क्रीनवरून किती लोक किती सेकंदांत पळाले. दर सोमवारी त्या आलेखाची पूजा होते. तो आलेख सुधारायचा म्हणून आम्ही ए/बी टेस्ट करतो, बटण हिरवं करतो, अक्षरं मोठी करतो. तो सुधारतोही. पण त्यामुळे लोकांना अ‍ॅपचा जास्त उपयोग झाला का, याचा आलेख डॅशबोर्डवर नाही. जे मोजता येतं ते सुधारतं, एवढंच. गाण्यांचंही तेच चाललंय.

हे सगळं मी बाबांना मोठ्या आवेशात सांगितलं. बाबा म्हणजे सवाईला वर्षानुवर्षं न चुकता जाणारा माणूस, त्यामुळे मला वाटलं लगेच टाळी देतील. आलाप कशाला घेतात हे ज्याला कळतं त्याला 'अलोन' का नाही कळणार? तर ते म्हणाले, "मग करीम खाँसाहेबांचं काय करशील? तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या होत्या. त्यात त्यांनी अख्खा राग उभा केलाय. माध्यमानं घातलेली मर्यादा वाईटच असते असं कोणी सांगितलं?"

गप्प बसलो. मुद्दा बिनतोड होता. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या त्या तबकड्या आजही लोक जीव टाकून ऐकतात. अख्खं पॉप गाणं तीन मिनिटांचं झालं त्यातही या तबकडीचा हात आहे. दोन दिवस बसमध्ये मी याच्यावरच विचार करत होतो.

उत्तर सुचलं ते आमच्याच धंद्यातलं. मेमरी लिमिट आणि टाइमआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेमरी लिमिट सांगते: तुझ्याकडे एवढीच जागा आहे, बसव काय बसवायचं ते. त्यातून चांगला प्रोग्रामर घडतो. तबकडी ही मेमरी लिमिट होती. एकदा सुई टेकवली की ऐकणारा तीन मिनिटं तुमचा. त्या तीन मिनिटांत सुरुवातीला थांबायचं की धावायचं हे गाणाऱ्याच्या हातात. ३० सेकंदांचा नियम हा टाइमआउट आहे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कनेक्शन तोडलं, मग तुम्ही पुढे कितीही ग्रेट असा. मर्यादेत राहून माणूस सुंदर काम करू शकतो. सतत हाकलून दिलं जाण्याच्या भीतीत मात्र तो फक्त दारात उभा राहून हातवारे करतो.

बाबांना हे सांगितलं. "बरं," म्हणाले. त्यांच्या भाषेत ती दाद आहे. :)

आता ज्यांनी या टाइमआउटला सरळ धुडकावून लावलं त्यांची गोष्ट. सिंडी ली हे नाव पॅट्रिक फ्लेगल या कॅनडातल्या कलाकाराचं. आधी 'विमेन' नावाचा कॅल्गरीचा बँड होता, त्यातली ही मंडळी. त्या बँडचा गिटारवादक क्रिस्तोफर रायमर २०१२ मध्ये अगदी तरुणपणी गेला. मार्च २०२४ च्या शेवटी सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' आला. कुठे आला? स्पॉटिफायवर नाही, अ‍ॅपलवर नाही. यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ, आणि जिओसिटीजच्या जमान्यातलं वाटावं अशा एका भडक पानावर डाऊनलोडची लिंक. जमलं तर ३० कॅनेडियन डॉलर द्या, एवढी विनंती. बत्तीस गाणी.

आमच्या पिढीनं जिओसिटीज फक्त ऐकून माहीत असलेलं. याहूनं ते २००९ मध्ये बंद केलं तेव्हा मी शाळेत होतो. त्यामुळे ते पान बघून मला आठवणी वगैरे काही दाटून आल्या नाहीत. उलट पहिली प्रतिक्रिया 'हे क्लिक केलं तर व्हायरस येईल' हीच होती. मग डाऊनलोड केलं, फोल्डर उघडलं, फोनवर कॉपी केलं. एवढे कष्ट घेतल्यावर कोण माणूस तिसाव्या सेकंदाला गाणं बदलेल हो? ताटात वाढून आलेलं आपण टाकतो, स्वतः रांधलेलं जरा कच्चं असलं तरी खातो.

आणि आवाज कसा आहे? शेजारच्या घरात कोणीतरी १९६० च्या दशकातला रेडिओ चालू ठेवलाय आणि त्यावर एक स्टेशन लागलंय जे कधी अस्तित्वातच नव्हतं. त्या काळच्या मुलींच्या गटांसारखी गोड चाल, उंच पातळ आवाज, आणि त्याखाली एक गिटार जी इतकी एकटी वाटते की विचारू नका. सगळ्यावर धुकं. पहिल्या चार-पाच गाण्यांत मला वाटलं रेकॉर्डिंगच खराब आहे. सातव्या-आठव्या गाण्याशी कान त्या धुक्याला सरावतात आणि मग एकेक चाल दिसायला लागते. 'डल्लास' ऐका, 'इफ यू हिअर मी क्राइंग' ऐका. पण सुटं नका ऐकू, मधून ऐका. बत्तीसपैकी सहा-सात गाणी सहज काढता आली असती. दुसऱ्या भागात मी दोनदा चक्क झोपलोय, औंधचा पूल कधी गेला कळलं नाही. तरी ती काढावीत असं वाटत नाही. लांबच्या प्रवासात मधली स्टेशनं वगळता येत नाहीत, तसं.

यात एक गंमत आणि एक दुःखाची गोष्ट अशी दोन्ही आहे. हा अल्बम लोकांपर्यंत पोचला तो पिचफोर्कमुळे. त्यांनी त्याला १० पैकी ९.१ दिले, म्हणजे त्यांच्याकडे नव्या अल्बमला चार वर्षांत न मिळालेले. त्यामुळे एकदम सगळीकडे नाव झालं. आणि हे पिचफोर्क म्हणजे तेच, जे त्याच्या तीनच महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, मालक कंपनी काँदे नास्टनं जीक्यू मासिकात विलीन करून टाकलं होतं, लोकांना घरी पाठवून. पिचफोर्कवर आपण सगळ्यांनी कधी ना कधी दात खाल्लेत. आकड्यात एक दशांश लावून संगीताला मार्क देणारे हे कोण शहाणे, वगैरे. पण दोन तासांची फाईल शेवटपर्यंत ऐकून 'हे ऐका' असं सांगायला शेवटी माणूसच लागला. कुठल्याही रेकमेंडेशन इंजिनाला हे जमलं नसतं, कारण त्या इंजिनाच्या डेटाबेसमध्ये ही गाणीच नव्हती! नंतर हा अल्बम बँडकॅम्पवर आणि विनाइलवरही आला, तेव्हा आता तुम्हाला व्हायरसची भीती नाही.

मधले दोन झटपट उरकतो.

फाँटेन्स डीसी हा डब्लिनचा बँड. त्यांचा चौथा अल्बम 'रोमान्स' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि माझ्या ओळखीत सगळ्यांना तो वर्षातला सर्वोत्तम वाटतो. मला नाही. 'स्टारबर्स्टर' भन्नाट आहे. गायक ग्रिअन चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात पॅनिक अ‍ॅटॅक आला होता, त्यावरचं ते गाणं. त्यात तो श्वास जोरात आत ओढतो ते ऐकून बसमध्ये माझाच श्वास अडकला. पण बाकी अल्बम फार घासूनपुसून ठेवलेल्या दिवाणखान्यासारखा वाटतो. 'डॉगरेल'मध्ये (२०१९) पावसातल्या डब्लिनचा चिखल होता, तो पुसला गेला. लोक म्हणतील, बँड मोठा झाला. होईना का, चिखल पुसायलाच हवा होता का?

पल्पचा 'मोअर' जून २०२५ चा. २००१ नंतर, म्हणजे चोवीस वर्षांनी. गंमत म्हणजे फाँटेन्सचा आणि यांचा प्रोड्यूसर एकच, जेम्स फोर्ड, आणि इथे त्याचं पॉलिश मला खटकत नाही. कारण जार्व्हिस कॉकर मुळातच नाटकी, कपडे नीट घालून बोलणारा माणूस. साठी ओलांडलेला माणूस प्रेमाबद्दल लिहितो तेव्हा ते एक तर चिकट होतं किंवा विनोदी. हा दोन्हींच्या मधून वाट काढतो. त्यांचा बास वाजवणारा स्टीव्ह मॅकी २०२३ मध्ये गेला, त्याला अल्बम अर्पण केलाय. क्युअर आणि पल्प एकामागोमाग ऐकले तर दोन तऱ्हेची म्हातारी माणसं भेटतात. एक जण अंधारात बसून राहतो, दुसरा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो. मला आज क्युअर जवळचा वाटतो, चाळिशीत कदाचित पल्प वाटेल.

पण म्हाताऱ्यांचीच टिमकी वाजवत बसलो तर 'रॉक संपलं'वाला बरोबर ठरेल ना. म्हणून गीज.

गीज हा ब्रुकलिनचा बँड, पोरं विशीच्या सुरुवातीची. तिसरा अल्बम 'गेटिंग किल्ड' २६ सप्टेंबर २०२५ ला आला. प्रोड्यूसर केनेथ ब्लूम, जो केनी बीट्स या नावानं रॅपर लोकांबरोबर काम करून प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमध्ये दहाएक दिवसांत रेकॉर्ड केलेला. ऐकताना ते कळतं. कुठे कुठे वाटतं की ड्रम्सवाला मॅक्स बॅसिन एका गाण्यात आहे आणि बाकीचे दुसऱ्या, आणि मग अचानक सगळे एकाच फलाटावर उतरतात.

पहिलं गाणं 'ट्रिनिडाड'. सुरुवात दबकी, घसरत्या लयीत, गायक कॅमेरॉन विंटर झोपेतून उठल्यासारखा काहीतरी पुटपुटतोय. आणि मग तो जो काही ओरडायला लागतो.. विचारू नका. मी हे गाणं टीमबरोबर लोणावळ्याला जाताना गाडीत लावलं. एक मिनिट पूर्ण व्हायच्या आत मागून आवाज आला, "अरे बंद कर ना बाबा, कोणाला तरी मारतायत असं वाटतंय." अल्बमचं नावच ते आहे म्हटल्यावर मी तरी काय बोलणार. गाडीत उरलेला वेळ दुसऱ्याची प्लेलिस्ट.

विंटरचा आवाज ही चीज पहिल्या ३० सेकंदांत नापास होणारीच आहे. तो स्वर धरत नाही, त्याच्याभोवती लोंबकळतो. शब्द चावून टाकतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा एकट्याचा 'हेवी मेटल' नावाचा अल्बम आला होता (त्यात हेवी मेटल औषधालाही नाही, नुसता पियानो आणि कुरकुर), तेव्हा मी तो दोनदा अर्ध्यातून सोडला. तिसऱ्यांदा पावसात बस दीड तास अडकली म्हणून पूर्ण झाला. आणि मग लक्षात आलं की हा पोरगा बेसूर नाहीये. तो दर ओळीला ठरवतोय की आता खरं बोलावं की थट्टा करावी. तो निर्णय आपल्याला ऐकू येतो. 'टॅक्सेस'मध्ये किंवा 'ऑ पेई द्यु कोकेन'मध्ये तो ज्या ठिकाणी थट्टा सोडून देतो तिथे माझ्या घशात काहीतरी होतं. शेवटचं 'लाँग आयलंड सिटी हिअर आय कम' तर धावत सुटलेली लोकल आहे, दारात लटकून ऐकायचं.

आता विरुद्ध बाजू. २०२५ च्या उन्हाळ्यात स्पॉटिफायवर 'द व्हेल्वेट सनडाऊन' नावाचा एक बँड उगवला. सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखी मऊ गाणी, छान केस वाढवलेली चार पोरं फोटोत. थोड्याच आठवड्यांत महिन्याला दहा लाखांच्या वर ऐकणारे. आणि मग कळलं की बँड नाहीच. गाणी, आवाज, फोटो, सगळं एआयनं केलेलं. मी ऐकलंय. वाईट नाहीये, आणि हीच तर अडचण आहे. ३० सेकंदांच्या परीक्षेत ते पैकीच्या पैकी घेतं. गिटार आवडणाऱ्याला जशी गिटार लागते तशी आहे, आवाज जिथे यावा तिथे येतो. कुठेच काही टोचत नाही. दोनशे वेळा वाजलं तरी तुम्ही कॉफी घेत कोड लिहीत बसाल.

त्यामुळे मला आता असं वाटायला लागलंय की टोचणं हीच या लोकांची, म्हणजे हाडामासाच्या बँडवाल्यांची, जागा उरलीय. न टोचणारं संगीत यापुढे नळाच्या पाण्यासारखं येणार, फुकट आणि अमर्याद. त्याच्याशी गीजनं स्पर्धा कशाला करायची? तीन मिनिटं गप्प बसणं, दोन तासांची एक फाईल देणं, नकोसा वाटणारा आवाज लावणं, हे ऐकणाऱ्याला 'तू थांबशील' असं गृहीत धरणं आहे. माझ्या डॅशबोर्डनं मला आजवर कधीच असं गृहीत धरलेलं नाही.

यावर माझा एक मित्र जो ड्रम्स वाजवतो, तो चिडतो. तो म्हणतो, रॉबर्ट स्मिथला थांबणं परवडतं रे, त्याच्या नावावर चाळीस वर्षं जमा आहेत. आमच्यासारख्यांचं गाणं १,००० वेळा वाजलं तर पैसे सुरू होतात, आम्ही काय तीन मिनिटं ढग दाखवायचे? त्याचं खरं आहे, आणि मला यावर पूर्ण उत्तर नाही सापडलेलं. किंग गिझर्ड या ऑस्ट्रेलियन बँडनं जुलै २०२५ मध्ये स्पॉटिफाय सोडलं, कारण तेव्हाचा सीईओ डॅनियल एक याच्या गुंतवणूक कंपनीनं लष्करी तंत्रज्ञान बनवणाऱ्या हेल्सिंगमध्ये पैसे घातले होते. त्यांनी आपली गाणी बँडकॅम्पवर 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून ठेवली. पण त्यांच्याकडेही आधीच जमवलेले हजारो वेडे चाहते होतेच. ज्याच्याकडे कोणीच नाही त्यानं काय करायचं?

मी मित्राला एवढंच म्हटलं की तुझं गाणं मला पाठव, मी दहा वेळा ऐकतो आणि मग शिव्या देतो. पाठवलंय त्यानं. साडेचार मिनिटांचं आहे. पहिल्या मिनिटात नुसते ड्रम्स, अर्थातच. सध्या चौथ्यांदा ऐकून झालंय.

ज्यांना हे अल्बम पहिल्यांदाच ऐकायचे आहेत त्यांच्यासाठी: पल्पपासून सुरू करा, तो पहिल्या भेटीतच बोलतो. सिंडी ली रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, झोप लागली तर लागू द्या. गीज कोणाच्याही गाडीत लावू नका, निदान लोणावळ्यापर्यंत तरी. आणि 'एंडसाँग' सोमवारी सकाळी स्टँडअपच्या आधी लावायचं नाही. गायक तोंड उघडेपर्यंत तुमचं नाव पुकारलेलं असेल.